वायरमनसमोर नीट, घाटात बंद

माळशेजचा बोगदा मागे टाकला आणि गाडी गप्प झाली. जुलैचा पाऊस, रात्रीचे अडीच, हौद्यात टोमॅटोचे साठ कॅरेट, भाचा स्टेअरिंगवर, मी शेजारी पेंगत. त्याने क्लच दाबला तर इंजिनाचा आवाजच नाही. कशीबशी कडेला घेतली, चावी बंद करून पुन्हा फिरवली, सेल्फ मारला, अर्ध्या सेल्फवर सुरू. कल्याणच्या मार्केटला वेळेत पोचलो, येताना काही नाही. पुढचे अकरा दिवस काही नाही. मग ओतूरच्या अलीकडे, भर दुपारी, कोरड्या सपाट रस्त्यावर पुन्हा तेच.

गाडी २००८ सालची डिझेल पिकअप. पंप यांत्रिक, कॉम्प्युटर वगैरे काही नाही. त्यामुळे 'कोड वाचून' फॉल्ट सांगणारं मशीन लावायची सोय नाही, आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. आमच्या वायरमनकडे नेली की गाडी शहाण्या पोरासारखी उभी. "भाऊ, आत्ता तर सगळं ओके दाखवतंय," हे वाक्य मी दोन महिन्यांत चार वेळा ऐकलं. दरम्यान नवी बॅटरी बसली, डायनॅमोचे कार्बन आणि कटआऊट (व्होल्टेज आवरणारा पार्ट) बदलले, सेल्फ उघडून बुश टाकले. पैसे गेले, फॉल्ट राहिला.

ज्यांची जुनी पिकअप असा लपंडाव खेळतेय त्यांच्यासाठी हे लिहितोय. कधी येतो कधी जातो असा फॉल्ट बहुतेक वेळा सुट्या पार्टमध्ये नसतो, तो दोन गोष्टी जिथे जोडल्या आहेत तिथे असतो: थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी), कपलर (वायरी एकमेकांत अडकवायचा प्लास्टिकचा जोड), पिळलेला जोड, स्विचचा पॉईंट. पार्ट मेला तर तो सहसा मेलेलाच राहतो. जोड मात्र धक्क्याने सुटतो, धक्क्याने लागतो, गरम झाला की सुटतो, गार झाला की लागतो.

आधी आठवा, मग पान्याला हात लावा

माझी पहिली चूक हीच. त्या रात्री भाचा म्हणाला होता, "मामा, हेडलाईट चालू होती, पण वायपर काचेच्या मधेच थांबले." मी ते कानाआड केलं. खरं तर सगळं निदान त्या एका वाक्यात होतं.

आमच्या गाडीत हेडलाईट, हॉर्न आणि पार्किंग यांना बॅटरीकडून थेट करंट येतो, चावी काढली तरी चालतात. वायपर, मीटरमधले लाल दिवे, इंडिकेटर आणि डिझेल पंपावरचा स्टॉप सोलेनॉईड यांना करंट चावीतून येतो. या पंपाला इंजिन फिरवायला वीज लागत नाही, पण सोलेनॉईडला करंट असेपर्यंतच डिझेलची वाट उघडी राहते. करंट क्षणभर गेला की वाट बंद. आता जुळवा: हेडलाईट चालू म्हणजे बॅटरी, तिचे टर्मिनल आणि मेन वायर शाबूत. वायपर मधेच थांबले आणि इंजिन मेलं, म्हणजे चावीच्या पलीकडचं सगळं एकदम गेलं. बॅटरी बदलायचं काही कारणच नव्हतं.

म्हणून गाडी बंद पडली की घाबरून लगेच चावी फिरवू नका. सुरक्षित जागी थांबल्यावर चावी चालूच ठेवून दहा सेकंद मीटरकडे बघा. बॅटरीचा आणि ऑईलचा लाल दिवा लागलाय का? लागला असेल तर चावीपर्यंत करंट आहे आणि तुमचा शोध डिझेलकडे, म्हणजे हवा धरणं, फिल्टर, किंवा एकट्या सोलेनॉईडच्या वायरकडे. मीटर पूर्ण अंधारात असेल तर चावीची लाईन. हेडलाईट आणि हॉर्नसुद्धा गेले असतील तर बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, नाहीतर अर्थ, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. या दहा सेकंदांत जे कळतं ते नंतर गॅरेजमध्ये दोन दिवस घालवून कळत नाही, कारण गॅरेजमध्ये फॉल्ट हजरच नसतो.

सन व्हायजरमध्ये एक वही ठेवा. पाऊस होता का, माल भरलेला होता का, लाईट लावल्या होत्या का, इंजिन किती तापलं होतं, खड्डा गेला का, स्टेअरिंग वळवलेलं होतं का. आमच्या वहीत पाच नोंदी झाल्यावर दिसलं की पावसाचा काही संबंध नाही, पाचही वेळा मोबाईल चार्जिंगला होता आणि पंखा चालू होता. ते तेव्हाही मला कळलं नाही, पण नोंद होती.

एका तारेवर लोंबकळणारी वायर

मल्टीमीटर घ्याच, पण तो कुठे फसवतो तेही माहीत पाहिजे. वायरमध्ये समजा एकोणीस बारीक तारा आहेत, अठरा तुटल्या, एक राहिली. मीटर लावला तर १२ व्होल्ट बरोबर दाखवेल, बझरही वाजेल. कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. पण त्याच वायरवर हेडलाईटचा बल्ब लावा, तो लालसर मिणमिणेल. तपासणी नेहमी लोड लावून करायची. मी २१ वॅटचा ब्रेकलाईटचा बल्ब, त्याला दोन वायरी आणि दोन चिमटे, एवढाच टेस्टलॅम्प वापरतो. पावणेदोन अँपियर ओढतो, म्हणजे वायरीचं खरं-खोटं बाहेर येतं. ज्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे तिथे मात्र हा बल्ब कुठेही टोचू नका.

बॅटरीचं तसं थोडक्यात उरकतं. रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या दरम्यान. हे आकडे नीट असतील तर बॅटरी आणि डायनॅमोला सोडा, पुढे चला. डायनॅमो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची जुनी खोड अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तसं करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळी मारतं आणि चांगला कटआऊट किंवा डायोड जातो, मग म्हणतात, "बघा, डायनॅमोच खराब होता."

अर्थ

आमच्या गाडीत दोन फॉल्ट एकावर एक बसले होते, म्हणून इतका घोळ झाला. दुसरं लक्षण असं की अधूनमधून सेल्फ मारला की नुसता 'टक्' आवाज, इंजिन फिरत नाही. तीन-चारदा चावी फिरवली की मग फिरतं. सेल्फ उघडून बुश टाकले ते याच कारणाने.

बॅटरीपासून सेल्फकडे जाणारी जाड लाल वायर सगळे बघतात. पण जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो, आणि तो येतो इंजिनाच्या लोखंडातून, एका विणलेल्या पट्टीवरून चेसीला आणि तिथून बॅटरीच्या मायनसला. सेल्फ दीड-दोनशे अँपियर ओढतो. २०० अँपियरला ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा झाला तर २ व्होल्ट तिथेच खर्च. बाराच्या बॅटरीत दोन गेले म्हणजे सेल्फचा जीवच गेला.

तपासायची रीत सोपी आहे, कोणीही करू शकतं. स्टॉप सोलेनॉईडची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, ती वायर चेसीला टेकणार नाही अशी गुंडाळा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर, टर्मिनलवर नाही, आतल्या शिशाच्या पोलवरच. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडावर. आता कोणाला तरी चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.२च्या आत आलं तर अर्थ ठीक. आमच्याकडे आलं १.४.

गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सपासून चेसीला आलेली पट्टी वरून धडधाकट दिसत होती, बोल्टही घट्ट. पण बोल्ट खोलला तर थिंबलखाली मोरचुदासारखी हिरवट भुकटी आणि तिच्याखाली चेसीला कधीतरी मारलेल्या काळ्या रंगाचा थर. म्हणजे करंट येत होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांमधून. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत केल्या, पट्टी नवी टाकली, दातेरी वॉशर घातला, कसलं आणि मग वरून ग्रीस फासलं. ग्रीस आधी लावून मग कसू नका, आधी लोखंडाला तांबं घट्ट लागू द्या. पुन्हा मोजलं, ०.०८. सेल्फ असा फिरला की भाचा म्हणाला गाडी नवी झाली.

ही पट्टी पूर्ण तुटली तर करंट दुसरी वाट शोधतो, बहुधा क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून. सेल्फ मारल्यावर एखादी केबल हाताला कोमट लागली, किंवा केबल विनाकारण कडक होऊन अडकायला लागली, तर आधी अर्थ बघा.

नऊ दिवसांनी टोकावड्याजवळ गाडी पुन्हा बंद पडली.

तीन बल्ब

तेव्हा ठरवलं की फॉल्ट गॅरेजमध्ये येत नाही तर आपणच फॉल्टबरोबर फिरायचं. पाच वॅटचे तीन बल्ब घेतले, होल्डरसकट. प्रत्येकाला दोन अँपियरचा फ्यूज, कारण चालत्या गाडीत वायर कुठे घासली तर आग नको. पहिला बल्ब चावीच्या स्विचला बॅटरीकडून येणाऱ्या वायरवर. दुसरा स्विचमधून बाहेर पडणाऱ्या वायरवर. तिसरा थेट पंपावरच्या सोलेनॉईडच्या पॉईंटवर, तिथून लांब वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरातून आत. तिन्हींचा अर्थ बॅटरीच्या मायनसवरच नेला, नाहीतर अर्थच खोटा निघायचा. आणि तिन्ही बल्ब डॅशबोर्डवर, खंडोबाच्या फोटोखाली, टेपने ओळीत चिकटवले. नाक्यावर एकाने विचारलंसुद्धा, गाडीचा वाढदिवस आहे का म्हणून.

तिसरा विझला आणि दुसरा चालू राहिला तर फॉल्ट स्विच आणि पंपाच्या मध्ये, म्हणजे फ्यूज बॉक्स, कपलर किंवा वायर. दुसरा-तिसरा विझले आणि पहिला चालू, तर स्विच किंवा त्याचा कपलर. तिन्ही विझले तर बॅटरीकडून येणारी बाजू.

हे करताना गाडी रिकामी ठेवा, दिवसा जा, आणि बल्बवर नजर ठेवायला दुसरा माणूस घ्या, ड्रायव्हरने रस्ताच बघायचा. इंजिन बंद पडलं की ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेक एक-दोनदा नीट लागतो, त्यानंतर पेडल दगडासारखं कडक होतं, दोन्ही पायांचा जोर लावावा लागतो. पॉवर स्टेअरिंग असेल तर तेही जड होतं. म्हणून पहिल्या दाबातच गाडी थांबवायची, ब्रेक सोडून पुन्हा पुन्हा मारायचा नाही. उतारावर मुद्दाम चाचणी घेऊ नका. आम्ही चढाला घेतली.

सावर्ण्याहून वर चढताना तिसऱ्या वळणावर खड्डा आला, दुसरा आणि तिसरा बल्ब एकदम गेले, इंजिन मेलं. पहिला जळत होता. भाच्याने हात पुढे करून चावीचा जुडगा नुसता वर उचलला, फिरवला नाही, तर दोन्ही बल्ब पेटले. सोडला, विझले.

त्या जुडग्यात गाडीच्या चावीबरोबर घराची, मोटारीच्या खोलीची, खताच्या गोदामाची अशा चाव्या आणि पितळेचा जेजुरीचा भंडारी डबा. पाव किलोच्या आसपास वजन असेल. पंधरा वर्षं प्रत्येक खड्ड्याला ते वजन स्विचमध्ये हिसका देत होतं.

स्टेअरिंगखालचं कव्हर काढलं. स्विचचा कपलर एका बाजूने चॉकलेटी झालेला, प्लास्टिक वितळून एका पिनेभोवती गोळा झालेलं. ओढून काढला तर ती पिन ढिली, तिच्यावर काळा थर, वायरीचं रबर वीतभर कडक होऊन पिचलेलं. त्याच वायरीवर रबर सोलून, पिळून, टेप मारून काढलेले तीन जोड: एक गाण्यांच्या टेपचा, एक पंख्याचा, एक मोबाईल चार्जरचा. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी काढलेले. चिकटपट्टीचा गोंद पाघळून सगळं चिकट. थोडक्यात, ज्या पिनेतून सोलेनॉईडचा करंट जायचा तिच्यावरच आम्ही घरचा संसार टाकला होता. पिन तापायची, ढिली व्हायची, ढिली झाली की अजून तापायची, आणि जुडग्याचा हिसका बसला की सुटायची. वहीतली पंख्याची आणि मोबाईलची नोंद तेव्हा डोळ्यांसमोर आली.

दुरुस्ती

जळका कपलर घासून परत लावू नका. पिनेचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, आठवड्यात परत तेच. नवा स्विच, नवा कपलर, जळकी वायर मागे चांगल्या, लवचिक तांब्यापर्यंत कापून टाकायची. तांबं काळं दिसलं तर अजून मागे जा. जोड पक्का दाबून, डाग देऊन, वर स्लीव्ह चढवायची.

आणि जास्तीचं सगळं लोड चावीवरून उतरवायचं. त्यासाठी साधा चार पिनांचा रिले पुरतो, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. ३० नंबरला बॅटरीकडून थेट वायर, बॅटरीजवळच १५ अँपियरचा फ्यूज. ८७वरून पंखा, चार्जर, टेप. ८६ला चावीची वायर, ८५ अर्थ. आता या तिघांसाठी चावीतून फक्त रिलेच्या कॉईलपुरता करंट जातो. हेडलाईटलाही हेच करावं, विशेषतः कोणी ६०/५५ वॅटचे बल्ब काढून १००/९०चे टाकले असतील तर. दोन बल्ब मिळून दहाच्या जागी सोळा-सतरा अँपियर त्या बिचाऱ्या लाईटच्या स्विचमधून जातात, आणि मग 'अप्पर मारला की लाईट जाते' ही तक्रार येते.

फ्यूज उडतोय म्हणून मोठा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणं, यावर मी जास्त लिहीत नाही. फ्यूजऐवजी वायर जळते, एवढंच. लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. झाकणावर जो लिहिलाय तोच.

मागचे दिवे आणि उंदीर

इंडिकेटर दिला की पार्किंग लाईट त्याच तालात मंद होते, ब्रेक दाबला की इंडिकेटरही हलकेच पेटतो, असा भुताटकीचा प्रकार दिसला तर तो जवळजवळ नेहमी मागच्या दिव्याचा अर्थ असतो. करंटला परतीची वाट मिळाली नाही की तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो. दिव्यापासून चेसीच्या घासलेल्या लोखंडाला एक वेगळी वायर तात्पुरती लावून बघा, भूत पळालं तर कायमची लावा. भाजीच्या गाडीत हे लवकर होतं, कॅरेटमधून पाणी गळत राहतं आणि हौद्याखालचा कपलर त्यातच भिजतो. मासळीच्या गाड्यांचं तर विचारू नका, तिथे मिठाचं पाणी असतं, तांब्याची वर्षभरात पावडर होते.

शेडमध्ये गाडी उभी राहत असेल तर बॉनेटखाली हार्नेसवर, म्हणजे वायरींच्या जुडीवर, दातांचे ठसे शोधा. उंदीर वायर पूर्ण तोडत नाही, अर्धवट सोलून सोडतो, आणि ती पावसाळ्यात ओली झाली की चेसीला शॉर्ट. लेंड्या दिसल्या की वायर हाताने चाचपत जा, डोळ्यांनी वरची बाजूच दिसते.

रात्रीत बॅटरी उतरत असेल तर तो वेगळा विषय, पण रीत सांगतो. चावी काढा, दारं लावा, मायनस टर्मिनल सोडून पोल आणि टर्मिनल यांच्यामध्ये मल्टीमीटर १० अँपियरच्या भोकात लावा. अशा जुन्या गाडीत ५० मिलीअँपियरपेक्षा जास्त दिसायला नको. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडतो ती लाईन. मीटर लावलेला असताना सेल्फ मारलात तर मीटरचा फ्यूज गेला म्हणून समजा.

आमची गाडी आता दोन पावसाळे बंद पडलेली नाही. चावीला फक्त चावी आहे, भंडारी डबा आरशाला लटकतो. मात्र गेल्या पंधरवड्यापासून उजवा इंडिकेटर माल भरला की भरभर उडतो, रिकामी केली की नीट. म्हणजे मागच्या बल्बचा करंट तुटतोय, आणि तो हौदा दबल्यावरच तुटतोय, म्हणजे मागच्या पाट्याजवळ कुठेतरी वायर ताणली जातेय. रविवारी गाडी रिकामी नाही, भरलेली ठेवूनच खाली शिरणार आहे.